एकवीस दिवसांचा संग्राम, एका दिवसाची यात्रा

युद्धस्थळे पाहावयास निघालेल्या प्रवाशाच्या मनात काही चित्रे घरूनच तयार असतात. भक्कम तटबंदी असावी, गंजलेली तोफ असावी आणि शक्य झाल्यास जमिनीखाली एखादे भुयार असावे. व्हिएतनाममधील कू ची येथे दोनशे किलोमीटरांहून अधिक लांबीच्या भुयारांचे जाळे आहे. त्यातून वाकून चालण्यासाठी जगभरातून माणसे जातात. जिब्राल्टरच्या खडकात दुसऱ्या महायुद्धात कोरलेली भुयारे आहेत. फार दूर कशाला, मुंबईच्या राजभवनाखाली २०१६ साली ब्रिटिश काळातील भुयारी कोठड्या सापडल्या आणि तेथे आता क्रांतिकारकांचे दालन उभे आहे.

अशी अपेक्षा बाळगून कोणी आमच्या सिल्वाशास आला, तर त्याची निराशा होईल. येथे भुयार नाही, बुरूज नाही, तोफही नाही. आहे ती एक पावसाळ्यात बेभान होणारी नदी, चार-दोन पोलिस चौक्यांच्या जागा, एक देऊळ म्हणावे तसे शांत चर्च आणि सागाच्या रानातून दक्षिणेकडे जाणारा एक रस्ता. तरीही २२ जुलै ते ११ ऑगस्ट १९५४ या एकवीस दिवसांत याच जागांवर जे घडले, त्यामुळे पोर्तुगीजांच्या हिंदुस्थानातील साम्राज्याचा पहिला तुकडा गळून पडला. गोवा, दमण आणि दीव मुक्त व्हावयास त्यानंतर सात वर्षांहून अधिक काळ लागला.

वाचकहो, आम्ही येथील एका सरकारी शाळेत मुख्याध्यापक आहोत. गेली काही वर्षे मुक्तिदिनाच्या सुमारास, म्हणजे २ ऑगस्टच्या आगेमागे, आम्ही नववीच्या मुलांसह या स्थळांची एक दिवसाची सहल काढतो. वाट दाखविण्याचे काम मुलांचे. प्रत्येक ठिकाणाची हकिगत एकाने वा एकीने तयार करावयाची आणि तेथे उभे राहून सांगावयाची, असा आमचा शिरस्ता. या वर्षी गुजरातेतील एका शहरातून तेथील मराठी मंडळाची तीस-बत्तीस मंडळी सहलीस आली होती. तीन-चार पिढ्यांपूर्वी महाराष्ट्र सोडलेली, तरी घरात मराठी टिकवून ठेवलेली ही कुटुंबे. त्यांच्या संगतीने झालेल्या या यात्रेची हकिगत आपल्या मासिकाच्या वाचकांसाठी लिहीत आहोत.

दिले कोणी आणि घेतले कोणी

वापी स्थानकावर पाहुणे उतरले. तेथून सिल्वासा सुमारे अठरा किलोमीटर. बसमध्ये सर्व स्थिरस्थावर झाल्यावर एका मुलाने पूर्वपीठिका सांगण्यास आरंभ केला. ती ऐकून पाहुण्यांपैकी अनेकांच्या भुवया उंचावल्या. कारण या कथेचा उगम पुण्यातच आहे.

१७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई जिंकली आणि उत्तर कोकणातील पोर्तुगीजांचे बळ मोडले. दमण मात्र त्यांच्याकडे राहिले. पुढे चाळीस वर्षांनी पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाच्या धामधुमीत पेशव्यांच्या दरबारास पोर्तुगीजांची मैत्री हवीशी वाटू लागली. १७७९ साली तह झाला. मराठ्यांच्या आरमाराने पोर्तुगीजांचे एक जहाज पूर्वी पकडले होते. त्याची भरपाई आणि मैत्रीची खूण म्हणून दमणलगतच्या गावांचा वर्षाला बारा हजार रुपयांचा वसूल पोर्तुगीजांना लावून देण्याचे ठरले. त्यानुसार १७८३ साली नगर हवेली आणि १७८५ साली दादरा त्यांच्याकडे गेले.

येथे आमच्या विद्यार्थ्याने एक शब्द ठासून उच्चारला : सरंजाम. म्हणजे वसूल दिला, राज्य दिले नाही. परंतु १८१८ साली पेशवाई बुडाली, इंग्रज आले, आणि या गावांवर पोर्तुगीजच राज्य करतात असे गृहीत धरून ते स्वस्थ बसले. वसुलाचा हक्क अशा रीतीने हळूहळू राज्य होऊन बसला. चोहो बाजूंनी इंग्रजी मुलूख आणि मध्ये पोर्तुगीजांची ही दोन बेटे. दादरा म्हणजे अवघी तीन गावे. नगर हवेली म्हणजे एकोणसत्तर. समुद्र कोठेच नाही. दमणहून येथे यावयाचे तर परक्या मुलुखातूनच यावे लागे. १९४७ नंतर तो मुलूख स्वतंत्र भारताचा झाला आणि पुढील सर्व घटनांचे मूळ या एका भौगोलिक विचित्रपणात सापडते.

“म्हणजे पेशव्यांनी दिले आणि पुण्याच्या पोरांनी परत घेतले!” असे एक काका मोठ्याने उद्गारले. बसमध्ये हशा पिकला. आम्हीही हसलो. मात्र हे वाक्य अर्धेच खरे आहे, आणि उरलेले अर्धे दिवसभरात उलगडत जाईल, एवढेच आम्ही त्यांना सांगितले.

दादरा : पहिली रात्र

सिल्वाशाच्या वाटेवरच दादरा लागते. प्रवासी येथील वनगंगा तळ्याच्या उद्यानात थांबतात, नौकेत बसतात, छायाचित्रे काढतात आणि पुढे जातात. आम्ही गावाच्या बाजूस वळलो.

२१ जुलै १९५४ च्या रात्री युनायटेड फ्रंट ऑफ गोअन्स या संघटनेचे मूठभर तरुण येथील पोलिस चौकीवर चालून आले. त्यांचे पुढारी फ्रान्सिस मस्करेन्हास आणि वामन देसाई. झटापट झाली, चौकी पडली आणि २२ तारखेस दादऱ्यावर तिरंगा चढला. पोर्तुगालने दमणहून कुमक धाडण्यासाठी भारताकडे वाट मागितली. ती भारताने नाकारली. सरहद्दीवर तणाव असताना आपल्या भूमीवरून परकीय शस्त्रधारी जाऊ देणे शक्य नाही, ही आपली भूमिका. दादऱ्याचे भवितव्य तेथेच ठरले.

त्या रात्री चौकीवरील अधिकारी आनिसेतो रोझारिओ आणि त्यांचा एक सहकारी मारला गेला. रोझारिओ भारतीय वंशाचे होते. पोर्तुगाल सरकारने त्यांना मरणोत्तर गौरविले; इकडे त्यांचे नाव सहसा कोणी घेत नाही. दादऱ्याची हकिगत सांगणाऱ्या आमच्या विद्यार्थिनीने शेवटी विनंती केली, “त्या रात्री येथे ज्यांचा जीव गेला त्यांच्यासाठी आपण एक मिनिट उभे राहू या.”

पाहुण्यांत ऐंशीच्या घरातील एक आजोबा होते. त्यांचे वडीलबंधू त्या काळी पुण्यात होते आणि मुक्तिसंग्रामासाठी निधी गोळा करणाऱ्यांत होते, हे त्यांनी सकाळीच अभिमानाने सांगितले होते. ते स्पष्टपणे म्हणाले, “मुली, ती माणसे सालाझारच्या पगारावर होती. त्यांच्यासाठी मी उभा राहणार नाही.”

क्षणभर सर्व मंडळी अवघडली. मुलगी आमच्याकडे पाहू लागली. खरे पाहता आजोबांचे म्हणणे टाकाऊ नव्हते. ज्या सत्तेने सत्याग्रहींना तुरुंगात डांबले, दूर पोर्तुगालच्या कोठड्यांत वर्षानुवर्षे कुजविले, तिच्या नोकरास मान का द्यावा? आम्ही एवढेच म्हणालो, “प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाची कबर आहे. ती तेथे आहे म्हणून महाराजांचा पराक्रम कोणाला उणा वाटला नाही.” एक काकू पुढे येऊन मुलीच्या शेजारी उभ्या राहिल्या. मग एकेक करून इतर आले. आजोबा उभे राहिले नाहीत. ते बसच्या पायरीवर बसून राहिले. पण ते मिनिट त्यांनीही मौनातच घालविले. आम्ही त्यांना आग्रह केला नाही. इतिहासाचा आदर करावयाचा तर माणसाच्या मनातील जखमेचाही करावा लागतो.

नरोली : नदीपलीकडे

घटनाक्रम पाळावयाचा म्हणून सिल्वाशात न थांबता आम्ही अथाळचा पूल ओलांडून नरोलीकडे निघालो. खाली दमणगंगा गढूळ, फुगलेली. मुलांना आम्ही पुलावरून नदी नीट पाहून घ्यावयास सांगितले. १९५४ च्या त्या पावसाळ्यात हालचाली करणाऱ्यांना वाटेत अशाच नद्या आणि असेच ओढे होते, ही गोष्ट पुस्तकात वाचून कळत नाही. ती कळण्यासाठी ऑगस्टमध्येच येथे यावे लागते. तटबंदी नसलेल्या या रणभूमीचा खरा खंदक म्हणजे हा पाऊस.

२८ जुलैला आझाद गोमंतक दल आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे स्वयंसेवक नरोलीच्या चौकीवर आले. तेथील मोजक्या पोलिसांनी शस्त्रे खाली ठेवली. गोव्यातून आलेले विश्वनाथ लवंदे, दत्तात्रेय देशपांडे, प्रभाकर सिनारी हे दलाचे पुढारी. महाराष्ट्रातून राजाभाऊ वाकणकर, नाना काजरेकर आणि त्यांचे सहकारी. यांच्यापाठी पुण्या-मुंबईत वर्षभराची तयारी होती. शस्त्रे मिळवावयाची तर पैसा हवा. त्या निधीसाठी लता मंगेशकरांनी पुण्यात गाण्याचा कार्यक्रम केला.

आणि या स्वयंसेवकांत एक नाव असे आहे की जे ऐकताच बसमधील सर्व वडीलधारी मंडळी सावरून बसली : सुधीर फडके. ज्या बाबूजींचे गीतरामायण १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवरून घराघरांत पोहोचले, तेच बाबूजी त्याच्या आदल्या पावसाळ्यात या चिखलात होते. शिवचरित्रकार बाबासाहेब पुरंदरेही या लढ्यात होते. पुढे गोव्याच्या लढ्यात पकडले जाऊन १९६९ पर्यंत पोर्तुगीजांच्या कैदेत राहिलेले मोहन रानडे यांनीही शस्त्र हाती धरले ते येथे. त्यांच्या सुटकेसाठी समिती स्थापून पाठपुरावा करणारे पुन्हा बाबूजीच.

पाहुण्यांपैकी एका तरुण सूनबाईंनी विचारले, “सर, गाणारा माणूस बंदूक घेऊन कसा निघाला असेल?” या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नाही. मात्र एक गोष्ट मुलांना सांगण्याजोगी वाटते. त्या पिढीत कलावंत, शिक्षक, बँकेतील कारकून यांचे देशकार्य म्हणजे भाषण ऐकून घरी येणे एवढेच नव्हते. नोकरीवरून रजा घेऊन, घरी नीटसे न सांगता, जिवंत परत येऊ याची खात्री नसताना ही माणसे निघाली होती. त्यांत अनेक जण पंचविशीच्या आतले होते.

सिल्वासा : दोन ऑगस्टची पहाट

परतताना पिपरिया. आज हे नाव उच्चारले की औद्योगिक वसाहत डोळ्यांपुढे येते. प्लास्टिक, धागा, यंत्रांचे सुटे भाग, पाळीचे भोंगे आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेला कामगार. १९५४ साली येथे सिल्वाशाच्या रक्षणासाठी असलेली पोर्तुगीज चौकी होती. १ ऑगस्टच्या रात्री ती पडली आणि सिल्वाशाची वाट मोकळी झाली. गावात शिरल्यावर स्वयंसेवकांना मोठ्या प्रतिकारास तोंड द्यावेच लागले नाही. प्रशासक कॅप्टन फिदाल्गो सुमारे दीडशे पोलिसांसह आधीच खानवेलच्या बाजूस निघून गेला होता. मागे राहिलेल्या थोड्या पोलिसांनी शरणागती दिली. २ ऑगस्टच्या सकाळी सिल्वाशावर तिरंगा फडकला. तोच आमचा मुक्तिदिन.

गावाच्या मध्यभागी पोर्तुगीज धाटणीचे चर्च आहे. पोर्तुगीजांनी १८८५ साली या गावास मुख्य ठाणे करून त्याचे नावही बदलले होते. पण लोकांच्या जिभेवरचे सेलवास काही हलले नाही. नाव लादणारी सत्ता गेली, नाव राहिले. आमच्या मुलांना हा धडा विशेष आवडतो.

दुपारचे जेवण शाळेत होते. वरण-भात, बटाट्याची भाजी आणि नागलीची भाकरी. जेवणानंतर मोठ्या वर्गात नकाशा टांगून एका विद्यार्थिनीने पुढील सात वर्षांची गोष्ट सांगितली, आणि खरोखर ती लढाईहूनही विलक्षण आहे.

मुक्त झालेला हा प्रदेश लगेच भारतात सामील झाला नाही. १९५४ ते १९६१ ही सात वर्षे तो ना पोर्तुगालचा होता, ना भारतीय संघराज्याचा घटक. स्थानिक लोकांची वरिष्ठ पंचायत आणि एक प्रशासक कारभार पाहत. पहिले प्रशासक अप्पासाहेब करमळकर, मूळचे बँकेतील नोकरदार. उरलेल्या पोर्तुगीज तिकिटांवर ‘मुक्त प्रदेश’ अशा अर्थाची इंग्रजी अक्षरे छापून टपाल चालविले गेले.

इकडे पोर्तुगालने डिसेंबर १९५५ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध दावा दाखल केला : आमच्या मुलुखात जाण्यासाठी तुमच्या भूमीतून वाट मिळणे हा आमचा हक्क आहे. भारताची बाजू मोतीलाल सेटलवाड यांनी मांडली. भारताच्या वतीने नेमलेले न्यायाधीश म्हणून महंमद करीम छागला बसले. आणि त्या दूरच्या न्यायालयात पेशवेकालीन मराठी कागद निघाले. १७७९ च्या तहाचा मराठी पाठ कोणता खरा, सरंजाम म्हणजे काय, जहागिरीने राज्य मिळते की केवळ वसूल, यांवर जगातील विद्वान न्यायाधीशांपुढे खल झाला. मराठ्यांच्या काळात पोर्तुगीजांना मिळाला तो वसुलाचा हक्क, सार्वभौमत्व नव्हे, हे न्यायालयाने मान्य केले. मात्र इंग्रजांनी पुढे पोर्तुगीजांचे राज्य गृहीत धरले होते, हेही नमूद केले.

१२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. खाजगी माणसे, मुलकी अधिकारी आणि सामान्य माल यांच्यापुरता वाटेचा हक्क पोर्तुगालला १९५४ साली होता, पण तोही भारताच्या नियंत्रणाखाली. सैन्य, सशस्त्र पोलिस आणि शस्त्रे यांना असा हक्क नव्हता. हा दुसरा भाग आठ विरुद्ध सात मतांनी, म्हणजे केवळ एका मताने ठरला. आणि भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केलेला नाही, असे नऊ विरुद्ध सहा मतांनी ठरले. “एक मत इकडचे तिकडे झाले असते तर?” असे एका पाहुण्याने विचारले. नववीतील एक मुलगा चटकन म्हणाला, “म्हणून तर सर आम्हांला कागद सांभाळून ठेवा म्हणतात!”

पुढे १२ जून १९६१ रोजी वरिष्ठ पंचायतीने भारतात विलीन होण्याचा ठराव केला. करारावर सही करावयाची तर दुसऱ्या बाजूस तेवढ्याच अधिकाराचा माणूस हवा. म्हणून भारतीय प्रशासन सेवेतील अधिकारी के. जी. बदलानी यांना एका दिवसापुरते या प्रदेशाचे पंतप्रधान करण्यात आले आणि त्यांनी पंडित नेहरूंबरोबर करार केला. दहाव्या घटनादुरुस्तीने ११ ऑगस्ट १९६१ पासून दादरा व नगर हवेली केंद्रशासित प्रदेश झाला. त्याच वर्षी डिसेंबरात दमणही मुक्त झाले. तो किल्ला घेणारी पलटण होती मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन. पोर्तुगालने मात्र ही सर्व वस्तुस्थिती मान्य केली ती तेथील हुकूमशाही कोसळल्यावर, १९७४ च्या अखेरीस केलेल्या करारात. २६ जानेवारी २०२० पासून आमचा प्रदेश दमण व दीव यांच्यासह एकाच केंद्रशासित प्रदेशात आहे. आमचे उच्च न्यायालय मुंबईचे आहे, हे सांगितल्यावर पाहुण्यांना थोडे घरी आल्यासारखे वाटले.

खानवेल आणि उधवा : उरलेला प्रश्न

दुपारी राखोलीचा पूल ओलांडून आम्ही खानवेलकडे निघालो. कारखाने मागे पडतात, साग आणि भाताची खाचरे सुरू होतात. याच वाटेने फिदाल्गो आपल्या दीडशे पोलिसांसह गेला. मागे मुक्तिसैनिक, पुढे भारताची सरहद्द, दमणची वाट बंद. खानवेलनजीकच्या रानात आठवडाभर काढून अखेर ११ ऑगस्टला त्याने उधवा येथे भारताच्या राखीव पोलिसांपुढे शरणागती पत्करली. त्या दलाचे प्रमुख होते गांधीहत्येच्या तपासामुळे देशभर नाव झालेले अधिकारी नगरवाला. आज उधवा महाराष्ट्राच्या पालघर जिल्ह्यात, तलासरी तालुक्यात येते. म्हणजे हा संग्राम संपला तो आजच्या महाराष्ट्राच्या मातीवर.

परंतु या दक्षिण भागाची कथा केवळ फिदाल्गोची नाही. सरहद्दीपलीकडे उंबरगाव, डहाणू, तलासरी येथे १९४५ पासून वारल्यांनी वेठ आणि लग्नगडीच्या गुलामीविरुद्ध लढा उभारला होता. त्यामागे शामराव आणि गोदावरी परुळेकर होते. गोदावरीबाईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात तो सांगितला आहे. त्या चळवळीत तयार झालेले कम्युनिस्ट कार्यकर्ते आणि वारली १९५४ साली दक्षिणेकडून या मुक्तिलढ्यात उतरले. गोमंतकीय ख्रिस्ती तरुण, संघाचे स्वयंसेवक, कम्युनिस्ट आणि आदिवासी. एरवी एका पंगतीस न बसणारे हे सर्व एका पावसाळ्यात एकाच सत्तेविरुद्ध उभे होते. सकाळचे काकांचे वाक्य अर्धे का, हे येथे कळते. पुढे ज्याने त्याने आपापल्या बाजूचा इतिहास लिहिला. आम्ही मुलांना सर्वांचा सांगतो.

खानवेलजवळच्या एका पाड्यावर आमच्या एका वारली विद्यार्थ्याचे घर आहे. त्याचे आजोबा १९५४ साली दहा-अकरा वर्षांचे होते. पाहुण्यांना त्यांनी अंगणात बसविले, पाणी दिले. काय आठवते असे विचारल्यावर ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, रात्री कुत्री फार भुंकत होती आणि वडिलांनी कोणालाही बाहेर पडू दिले नाही. साहेब गेला हे कळले. पण ज्याच्या शेतात वडील राबत होते तो शेतमालक तेथेच होता. दुसऱ्या दिवशी आवणीला जावेच लागले.

एवढेच ते बोलले. पाहुण्यांत शांतता पसरली. मग त्यांचा नातू, आमचा विद्यार्थी, उभा राहिला आणि त्याने आपला भाग सांगितला. पोर्तुगीज काळात ‘अल्वारा’ या सनदेने मोठमोठ्या जमिनी थोड्या लोकांच्या हाती गेल्या होत्या. १९५४ साली झेंडा बदलला, परंतु जमिनीचा कायदा बदलावयास १९७१ उजाडले. त्या साली केंद्र सरकारने या प्रदेशासाठी जमीन सुधारणा विनियम केला आणि कसणाऱ्याचा हक्क कागदावर आला. “दोन ऑगस्टला आपण स्वतंत्र झालो,” तो म्हणाला, “आणि माझ्या आजोबांना त्याचा अर्थ कळायला आणखी सतरा वर्षे लागली.”

हे वाक्य त्याला आम्ही शिकविलेले नव्हते. शाळेच्या मुक्तिदिनाच्या भाषणात ते कदाचित कोणाला रुचणारही नाही. तथापि आम्हांस वाटते, या यात्रेचे सार त्यातच आहे. ज्यांनी प्राण पणास लावले त्यांचे ऋण मान्य करून, ज्यांच्यासाठी ते लावले त्यांना काय मिळाले हे विचारणे म्हणजे त्या वीरांचा अवमान नव्हे. उलट, त्यांचे काम कोठवर आले आहे याचा तो हिशेब आहे. सकाळी दादऱ्याला उभे न राहिलेले आजोबा येथे त्या वारली आजोबांच्या शेजारी घोंगडीवर बसले होते. दोघांच्या वयात दोन-तीन वर्षांचेच अंतर. भातावर यंदा कोणता रोग पडला आहे याविषयी त्यांचे बोलणे चालले होते. निघताना आमचे पाहुणे आजोबा मुलाला म्हणाले, “तू बोललास ते लिहून ठेव.”

वाचकांस विनंती

आपले हे मासिक बडोदे, इंदूर, हैदराबाद, बंगळूर अशा अनेक गावांतील मराठी घरांत जाते. १९५४ साली येथे आलेले तरुण पुढे नोकरी-व्यवसायानिमित्त देशभर पांगले. त्यांतील बहुतेक आता हयात नाहीत. त्यांच्या घरी, माळ्यावरच्या पेटीत, एखादे पत्र, एखादी रोजनिशी, एखादे धूसर छायाचित्र पडून असण्याचा संभव आहे. हेगच्या न्यायालयात पावणेदोनशे वर्षांपूर्वीचे मराठी कागद कामास आले, हे ध्यानी घ्यावे. आपल्या घरातील कागद रद्दीत घालण्यापूर्वी उलगडून पाहावेत. त्यावर सिल्वासा, सेलवास, नरोली, वापी असे नाव दिसले तर त्याची नक्कल करून जवळच्या ग्रंथालयास वा विद्यापीठास अवश्य द्यावी. आणि घरातील वृद्धांना विचारावे; केवळ लढलेल्यांना नव्हे, मागे राहून घर चालविलेल्यांनाही. त्या काळच्या आया-बहिणींनी काय सोसले ते कोणत्याही निकालपत्रात लिहिलेले नाही.

ही यात्रा ज्यांना स्वतः करावयाची असेल त्यांच्यासाठी दोन व्यावहारिक गोष्टी. वापीस उतरून वाहन ठरवावे. दादरा, नरोली, पिपरिया, सिल्वासा, खानवेल आणि उधवा हा क्रम ठेवल्यास इतिहास तारखांच्या ओळीने उलगडतो आणि सकाळी लवकर निघाल्यास दिवसात सहज आटोपतो. सवड असल्यास दुसरा दिवस दमणच्या किल्ल्यासाठी राखावा. तट आणि बुरूज पाहण्याची ज्यांची हौस राहून गेली असेल त्यांची ती तेथे पुरेपूर फिटेल. हिवाळ्यात हवा सुखाची असते खरी. परंतु आमचे सांगणे असे की आषाढ-श्रावणातच यावे. छत्री आणावी, जुन्या वहाणा घालाव्यात आणि अथाळच्या पुलावर थांबून दमणगंगेकडे दोन मिनिटे पाहावे. ज्यांना लिहिता-वाचता येते अशी नातवंडे बरोबर असल्यास त्यांच्या हाती एक वही द्यावी, आणि दिवसअखेर त्यांनी काय लिहिले ते आपण वाचावे.